मीटर शून्य दाखवत होता तरी डोळे चुरचुरत होते, मग गॅस-जंतू-रेडिएशन नेमकं ओळखतात कसं?

वैशाली_के
नमस्कार मंडळी. आमची सोसायटी एमआयडीसीच्या भिंतीला लागूनच आहे. मागच्या पावसाळ्यात एका रात्री दीडच्या सुमारास एकदम उग्र वास सुटला, सासूबाईंची खोकल्याची उबळ थांबेना, मुलगी डोळे चोळत उठली, खाली बघितलं तर रस्त्यावरच्या दिव्याभोवती पांढुरकं धुकं. खिडक्या लावल्या, दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबले आणि फोन केला. गाडी वीस मिनिटांत आली, त्याबद्दल तक्रार नाही. एका दादांनी कमरेचा छोटा पिवळा मीटर काढून गेटपाशी धरला, तीन आकडे शून्य आणि एक २०.९, मग म्हणाले ताई काही गॅस नाहीये, झोपा निवांत. आणि हे सांगताना त्यांच्याच डोळ्यातून पाणी येत होतं. दुसऱ्या दिवशी कळलं की एका कारखान्यात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडच्या टाकीची लाईन फुटली होती.
मला त्या दादांना दोष द्यायचा नाहीये, ते बिचारे विनामास्क आमच्यासाठी उभे होते. पण तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न आहे, की हे लोक ओळखतात कसं? सगळं सांगणारं एखादं मशीन असतं का? गॅसचं सोडा, उद्या कुठे किरणोत्सर्गी वस्तू सापडली किंवा कुणी पावडरचं पाकीट पाठवलं तर काय करतात? कुणाला अनुभव असेल तर प्लीज सविस्तर लिहा, मला सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगायचंय.

जुना_फायरमन
वैशालीताई, ३२ वर्षं कारखान्यांच्या फायर अँड सेफ्टीत काढली, त्यामुळे सविस्तरच लिहितो. आधी तो पिवळा मीटर समजून घ्या. त्याला आम्ही फोर गॅस म्हणतो. त्यात चारच सेन्सर असतात, ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, एच टू एस म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा गॅस, आणि एलईएल म्हणजे हवेत पेट घेण्याइतका गॅस आहे का ते. तुम्हाला दिसला तो २०.९ म्हणजे ऑक्सिजन, तो तेवढा असलाच पाहिजे. हा मीटर मुळात बनवलाय टाकीत, मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या माणसासाठी. अ‍ॅसिडच्या वाफेसाठी त्यात सेन्सरच नाही, मग तो काय दाखवणार? दादांचा आकडा खरा होता पण त्यांनी म्हणायला हवं होतं "हे तीन गॅस नाहीत", ते म्हणाले "गॅस नाही". या दोन वाक्यांत माणसं मरतात, मी बघितलंय म्हणून एवढं जीव तोडून सांगतोय.
एलईएलचा घोळ तर अजून मोठा आहे. तो आकडा टक्क्यात येतो पण तो हवेतल्या गॅसचा टक्का नसतो, स्फोटाच्या हद्दीचा टक्का असतो. मिथेन हवेत ५ टक्के झाला की पेट घेऊ शकतो, म्हणजे मीटरवर १० आलं तेव्हा हवेत अर्धा टक्का मिथेन, म्हणजे ५,००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५,००० भाग). आता विषाचं गणित बघा, क्लोरीन १० पीपीएम झाला की जिवाला तात्काळ धोका धरतात. १० कुठे आणि ५,००० कुठे. (क्लोरीन जळणारा गॅसच नाही, त्यामुळे एलईएल त्याला बघतच नाही ते वेगळं.) ७ मे २०२० ला विशाखापट्टणमला पहाटे स्टायरीन (प्लास्टिक बनवायचं रसायन) गळला, तो जळणारा आहे, पण त्याच्यासाठी सुद्धा मीटरचा १० टक्क्यांचा अलार्म म्हणजे साधारण ९०० पीपीएम, आणि जिवाला धोका ७०० लाच. म्हणजे अलार्म वाजायच्या आधी माणूस खाली.
आणि ऑक्सिजनचा आकडा सुद्धा नीट वाचायला शिका. हवेत ऑक्सिजन पाचवा हिस्सा, म्हणजे २०.९ चा २०.८ झाला तर दुसरं काहीतरी त्याच्या पाचपट, म्हणजे अर्धा टक्का घुसलंय. अर्धा टक्का म्हणजे पुन्हा तेच ५,००० पीपीएम. मीटर वाजणार नाही, कारण तो १९.५ च्या खाली गेल्यावर वाजतो. पण काँक्रीटच्या टाकीच्या तोंडाशी २०.८ दिसलं तरी मी माझ्या पोरांना थांबवायचो.
मग तुमच्या गेटवर काय चाललं असतं? दोन रुपयांचा पीएच पेपर! खरंच सांगतो. पट्टी पाण्यात बुडवायची, काठीच्या टोकाला चिकटवायची आणि काठी पुढे धरून चालायचं. अ‍ॅसिडची वाफ असली की लाल, अमोनिया असला की निळी हिरवी. एकाही बॅटरीशिवाय. आमच्या टीमचा नियमच होता की पहिली पुढे जाणार ती ओली पट्टी, कारण अ‍ॅसिडची वाफ महागड्या मीटरचे सेन्सर पण खाऊन टाकते. त्याच्यामागे रेडिएशनचा मीटर, मग फोर गॅस, मग पीआयडी. पीआयडी म्हणजे आत अतिनील दिवा असतो, तो वाफेतल्या रेणूंचे इलेक्ट्रॉन उडवतो आणि त्याचा करंट मोजतो, पेट्रोल, बेंझीन, टोल्युइन, स्टायरीन हे त्याला पीपीएमच्या खाली सुद्धा दिसतात. पण नेहमीच्या दिव्याची ताकद १०.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट, क्लोरीनचा इलेक्ट्रॉन उडवायला ११.४८ लागतात, मिथेनला त्याहून जास्त, तुमच्या हायड्रोक्लोरिकला अजून जास्त, म्हणजे हे तिघं त्याला अदृश्य. प्रत्येक मीटर कुठे आंधळा आहे हे पाठ असलेला माणूस टीममध्ये पाहिजे.
आणि मीटर काढायच्या आधी डोळे. टँकरच्या मागे नारिंगी पाटी असते, त्यावर चार आकडी यूएन नंबर, १०१७ क्लोरीन, १००५ अमोनिया, १७८९ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड. दुर्बिणीतून लांबून वाचायचं, वाऱ्याकडे पाठ करून. टँकर घाटात पलटी झाला की लोक मोबाईल घेऊन जवळ धावतात, कृपा करून जाऊ नका.

गणेश_फिल्टरप्लांट
काकांनी एकदम बरोबर लिहिलंय. मी जलशुद्धीकरण केंद्रावर ऑपरेटर आहे, आमच्याकडे क्लोरीनचे ९०० किलोचे टोनर म्हणजे मोठे सिलिंडर असतात. आमची पद्धत जुनीच आहे, अमोनियाच्या पाण्याची बाटली. वास आला की बूच काढून वाफ जोडाजवळ न्यायची, हाताने हलकेच दाबायची, जिथून गळत असेल तिथे पांढरा धूर निघतो, अगदी उदबत्तीसारखी बारीक रेघ. व्हॉल्व्हच्या ग्लँडला गळती आहे का पिगटेलच्या (जोडनळीच्या) नटाला ते कळतं, भिंतीवरच्या सेन्सरला फक्त खोलीत क्लोरीन आहे एवढंच कळतं. पण ही पद्धत आधीच माहीत असेल की क्लोरीन आहे तरच, अनोळखी गॅसवर करू नये. आणि गळतीवर पाणी अजिबात मारायचं नाही, ओला क्लोरीन अ‍ॅसिड होऊन धातू खातो आणि भोक मोठं होतं. नवीन पोरांना हे शंभरदा सांगावं लागतं.
अजून एक, क्लोरीन हवेच्या अडीचपट जड. तो गटारीत, पायऱ्यांखाली, तळमजल्यात जाऊन बसतो. आमचा सेन्सर म्हणूनच जमिनीपासून फूटभरावर लावलेला आहे. सेन्सर छातीच्या उंचीला धरून "काही नाही" म्हणणं म्हणजे पूर आलाय का ते छतावर बघण्यासारखं.

वैशाली_के
बापरे, काका आणि गणेशदादा, किती वेळ काढून लिहिलंत, खूप आभार. ओल्या पट्टीचं वाचून अंगावर काटा आला, एवढ्या स्वस्तात होण्यासारखं होतं! पण मग मोठ्या टीम येतात, एनडीआरएफ वगैरे, त्यांच्याकडे तरी सगळं ओळखणारं मशीन असेल ना?

तळेगावकर
मी तळेगावजवळ राहतो, सुदुंबऱ्याला एनडीआरएफची पाचवी बटालियन आहे, त्यांची प्रात्यक्षिकं दोनदा बघितलीत. विशाखापट्टणमच्या वेळी पुण्याहूनच त्यांची केमिकलवाली टीम विमानाने गेली होती, सोबत नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचे तज्ज्ञ. एकच मशीन असं काही नसतं. मी त्यांच्या एका साहेबांना हाच प्रश्न विचारला तेव्हा ते म्हणाले की आम्ही तीन वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणारी यंत्रं एकाच ठिकाणी लावतो, दोन जुळली तर बोलतो.
म्हणजे बघा, एक हातात धरायचं यंत्र असतं ते हवा ओढतं, रेणूंना विद्युतभार देतं आणि ते किती वेळात पलीकडे पोचले यावरून नर्व्ह एजंट (सरीन, सोमान, व्हीएक्स अशी मज्जातंतूंवर हल्ला करणारी युद्धातली विषं), मस्टर्ड गॅस वगैरे ओळखतं. सेकंदात सांगतं, पण फरशी पुसायचं लिक्विड, डिझेलचा धूर याला पण फसतं. मग कागद असतो, तीन रंगांचा डिटेक्टर पेपर, ग्वाल्हेरच्या डीआरडीई या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेने पण बनवलाय. जमिनीवर थेंब दिसला की कागद टेकवायचा, पिवळा झाला तर सरीन सोमानच्या जातीचा, लाल झाला तर कातडी जाळणारा मस्टर्ड, गडद हिरवा तर व्हीएक्स. पण गाडीचं ब्रेक ऑइल पडलं असेल तरी रंग येतो, म्हणून नुसत्या कागदावर कुणी बोलत नाही. बाटलीतला द्रव किंवा पावडर असेल तर रामन नावाचं यंत्र, लेझर टाकून परत आलेल्या प्रकाशावरून रसायनाचा ठसा वाचतात, बाटली न उघडता काचेतून सुद्धा. पण काळ्या पदार्थावर लेझर नको, तापून पेट घेऊ शकतो.
घाईत चूक कशी होते त्याचं उदाहरण म्हणजे टोकियो. २० मार्च १९९५, सकाळच्या गर्दीत पाच मेट्रो गाड्यांत सरीन सोडला. फायर ब्रिगेडच्या यंत्रावर सुरुवातीला अ‍ॅसिटोनायट्राइल नावाचं दुसरंच रसायन आलं. ते चुकीचं नव्हतं, त्या मिश्रणात ते सॉल्व्हंट म्हणून होतंच, पण मारणारं दुसरंच होतं. सरीन असल्याचं पोलिसांनी जाहीर करेपर्यंत अकरा वाजले. तोवर लोक चालत, टॅक्सीने हॉस्पिटलला पोचले होते, त्यांच्या कपड्यांतून निघणाऱ्या वाफेने डॉक्टर नर्सनाच त्रास व्हायला लागला. डॉक्टरांनी मात्र टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या बघितल्या आणि त्यावरून ओळखलं. म्हणून मला वाटतं की माणसाची लक्षणं हे पण रीडिंगच आहे. वैशालीताई, त्या रात्री तुमच्या मुलीचे डोळे हे रीडिंगच होतं.

समीर_०७
एवढं कशाला, ऑनलाइन गायगर काउंटर मिळतो की चार पाच हजारात, सोसायटीने एक घेऊन टाका, सगळं कळेल.

आरएसओ_मिलिंद
समीर, तुझा हेतू चांगला आहे पण गायगर काउंटरला गॅस कळत नाही रे, तो फक्त रेडिएशन मोजतो, आणि ते सुद्धा सगळं नाही. मी वेल्डिंगचे जोड गॅमा किरणांनी तपासणाऱ्या रेडिओग्राफीत रेडिएशन सेफ्टी ऑफिसर आहे, रोज किरणोत्सर्गी इरिडियम-१९२ सोबत काम, म्हणून सांगतो.
रेडिएशनचं एक बरं आहे की इथे मीटर लांबून बोलतो. नुसती जमीन, भिंती, आकाश यातून येणारं नैसर्गिक रेडिएशन ताशी ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास असतं. टीम लांबून मीटर चालू करते, आधी बॅटरी बघते, मग छोट्या चेक सोर्सवर (तपासणीसाठीच्या सौम्य किरणोत्सर्गी तुकड्यावर) काटा हलतो का ते बघते, आणि चालत राहते. आकडा दुप्पट तिप्पट झाला की थांबून नोंद, ठरलेल्या आकड्याला दोरी बांधून हद्द. अंतर निम्मं केलं की डोस चौपट होतो, म्हणून शेवटची पाच पावलं सगळ्यात महाग. कोणतं द्रव्य आहे ते गॅमा किरणांच्या ऊर्जेवरून ओळखतात, स्क्रीनवरच्या आलेखात सीझियम-१३७ ला ६६२ केईव्हीला (केईव्ही हे ऊर्जेचं माप) एक उंच टोक, कोबाल्ट-६० ला ११७३ आणि १३३२ ला जुळी टोकं. ते आपापल्या सहीसारखं आहे, एकदा ओळख झाली की स्क्रीनवर बघता क्षणी कळतं.
पण माणसाच्या अंगावर धूळ बसलीय का ते बघायचं तर वेगळीच गोष्ट. त्या प्रोबला पातळ प्लास्टिक पिशवी गुंडाळायची (प्रोबच खराब झाला तर सगळं जग खराब दिसतं), अंगापासून बोटभर अंतरावर धरायचा आणि अगदी सावकाश फिरवायचा, आधी तळहात, मग बुटांचे तळवे, केस, कॉलर. घाईघाईत फिरवला की टिकटिक वाढायच्या आत तुम्ही पुढे गेलेले असता. अल्फा किरणांना तर साधा कागद अडवतो, पिशवीच काय घामाचा थर सुद्धा, त्यासाठी वेगळा प्रोब आणि उघडी कातडी.
शून्याची गोष्ट इथे पण आहे ताई. स्वस्तातली गायगर नळी फार मोठ्या रेडिएशनमध्ये गुदमरते आणि काटा चक्क खाली येऊन शून्य दाखवू शकते. म्हणून चांगला मीटर भरला की "ओव्हररेंज" सांगतो.
ब्राझीलमधल्या गोयानियाची घटना आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात आणि दर वेळी मला गलबलून येतं. सप्टेंबर १९८७, बंद पडलेल्या दवाखान्यातून कॅन्सरच्या उपचाराचं यंत्र भंगारात गेलं, ते फोडलं, आतली सीझियमची पूड अंधारात निळी चमकायची म्हणून लोकांनी घरी नेली, नातेवाइकांना वाटली. उलट्या जुलाब सुरू झाले तेव्हा वाटलं खाण्यातून झालं. शेवटी भंगारवाल्याच्या बायकोला संशय आला आणि ती ते पिशवीत घालून बसने आरोग्य खात्याच्या ऑफिसात घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी २९ तारखेला एका भौतिकशास्त्रज्ञाने युरेनियम शोधणाऱ्या कार्यालयातून मीटर उसना घेतला, ऑफिसपासून बराच लांब असताना चालू केला तर काटा टोकाला जाऊन आपटला, कुठल्याही दिशेला धरा तेच. त्याला वाटलं मीटर बिघडलाय, परत जाऊन दुसरा आणला, तो पण तसाच. तेव्हा त्याला कळलं की मीटर खरं बोलतोय. तो पोचला तेव्हा फायर ब्रिगेडची माणसं ती वस्तू उचलून नदीत टाकायच्या बेतात होती, थोडक्यात वाचलं. नंतर फुटबॉलच्या स्टेडियममध्ये एक लाख बारा हजारांवर लोकांना एकेक करून मीटरने तपासलं, २४९ जण बाधित निघाले. चार जण गेले, त्यात ती पिशवी नेणारी बाई आणि एक सहा वर्षांची मुलगी. त्या बाईने शहर वाचवलं असं मी मानतो.
आपल्याकडे २०१० ला दिल्लीत मायापुरीला जवळजवळ तेच, विद्यापीठाचं जुनं गॅमा यंत्र लिलावात भंगारात, आत कोबाल्ट-६०. तिथेही पहिली शंका डॉक्टरांना आली, काळवंडलेली कातडी आणि घसरलेले रक्ताचे आकडे बघून, आणि मग मीटर घेऊन टीमा दुकानोदुकानी फिरल्या. एक माणूस गेला. आणि हे लांबचं वाटत असेल तर २००८ ला फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडलं ते स्टील आपल्या खोपोलीत वितळवलेलं होतं. भंगाराच्या गेटवर एक मीटर असता तर तिथेच अडलं असतं.

मायक्रो_स्नेहल
जंतूंबद्दल मी लिहिते, लॅबमध्ये आहे. वैशालीताई, इथे मात्र मन घट्ट करून ऐका, जंतूंसाठी टीं टीं वाजणारा भरवशाचा मीटर नाही. पावडरचं पाकीट सापडलं की टीम आधी एसी बंद करते, कारण पसरवण्याचं काम तोच करतो. मग आधी रेडिएशन, स्फोटक, ज्वलनशील, पीएच हे सगळं तपासून बाजूला काढतात. त्यानंतर पावडरमध्ये प्रथिनं आहेत का ते बघतात, चिमूटभर पावडर नळीत, रंग बदलतो का. नाही बदलला तर बहुतेक टाल्क, खडू, बेकिंग सोडा. बदलला तरी दुधाची पावडर असू शकते. मग कोविडच्या रॅपिड किटसारख्या पट्ट्या असतात, अँथ्रॅक्सचे जंतू, रिसिनचं विष वगैरेच्या, पण त्यांना लाखांनी बीजाणू लागतात आणि त्या खोटं पॉझिटिव्ह पण देतात. पीसीआर काही तासांत सांगतो, कल्चर म्हणजे जंतू वाढवून बघायला एक दोन दिवस. म्हणून नमुना कधीच सगळा वापरायचा नाही, अर्धा सीलबंद लॅबला. घातक विषाणूचा संशय असेल तर पुण्याला एनआयव्ही ही विषाणू संस्था, तिथे बीएसएल-४ म्हणजे सगळ्यात कडक सुरक्षेची लॅब आहे.
२००१ ला अमेरिकेत अँथ्रॅक्सची पत्रं आली, २२ जण आजारी, ५ गेले. पहिला रुग्ण कुठल्या यंत्राने पकडला नाही, फ्लोरिडातल्या डॉक्टरांनी पाठीच्या पाण्याची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, काडीसारखे जाडजूड जंतू दिसले आणि त्यांनी शंका घेतली. माझ्या हाताखालच्या मुलींना मी हेच सांगते, स्लाइड कंटाळून बघू नका.

दोडामार्गकर
स्नेहलताई, आमच्या भागातला डिटेक्टर सांगतो, माकड. २०१६ पासून दोडामार्ग, बांद्याकडे माकडताप आहे, त्याआधी वर्षभर गोव्यात सत्तरीला. काजूच्या बागेत माकड मरून पडलं की समजायचं गोचिडीत विषाणू आहे. मेलेलं माकड थंड झालं की गोचिडी त्याला सोडून आसपास पसरतात, म्हणून हात लावायचा नाही, लगेच फॉरेस्टला नाहीतर आरोग्य केंद्राला कळवायचं, ते लोक नमुने घेतात आणि आसपास गोचिडी मारायची पावडर मारतात. आरोग्य सेवक पांढरं फडकं पालापाचोळ्यावरून ओढत नेतात, त्याला चिकटलेल्या गोचिडी मोजून लॅबला पाठवतात, मी त्यांच्यासोबत गेलोय, एवढ्याशा फडक्यावर तिळासारख्या दिसतात. आमची आजी प्लेगच्या गोष्टी सांगायची, घरात उंदीर पडायला लागले की माणसं गाव सोडून माळावर झोपड्या बांधायची. १९९४ ला बीडच्या मामल्यात पण आधी उंदीरच पडले होते. मेलेलं जनावर दिसलं की फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात पण कळवत कुणी नाही, याचं फार वाईट वाटतं.

वैशाली_के
सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला कारण काल मीटिंग झाली. मी फायर स्टेशनला जाऊन त्या रात्रीच्या दादांनाच बोलावलं, आले बिचारे ड्यूटी संपवून. आमच्या सोसायटीतल्या शाळेच्या सरांनी लॅबमधला निळा लिटमस आणला होता. खाली मोकळ्या पार्किंगमध्ये संडास धुवायच्या अ‍ॅसिडची बाटली उघडली, दादांनी त्यांचा मीटर हातभर लांब धरला, शून्य शून्य शून्य २०.९. मग सरांनी ओली पट्टी काठीला लावून धरली आणि दोन सेकंदात कडेपासून लाल होत गेली. कुणी काही बोललंच नाही. दादांनी ती पट्टी मागून घेतली, खिशातल्या डायरीत ठेवली, म्हणाले स्टेशनवर दाखवतो.
आता आम्ही वॉचमनच्या केबिनमध्ये पट्ट्या, काठी, पाण्याची बाटली ठेवतोय. गच्चीवर वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी विंडसॉक लावायचं ठरलंय. काका, पट्ट्या पावसाळ्यात टिकतात का हो?

जुना_फायरमन
वाचून फार बरं वाटलं ताई. घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा, फिल्टर प्लांट किंवा अ‍ॅसिडजवळ नको, ओल्या हाताने डबीत हात घालू नका. दर जूनमध्ये एक पट्टी लिंबाच्या रसात आणि युनिव्हर्सल पीएच पेपर घेतलात तर दुसरी चुन्याच्या निवळीत बुडवून बघा, रंग लगेच आला नाही तर डबी बदला. आणि वॉचमनला सांगा, पट्टी लाल झाली की गेटपाशी थांबायचं नाही, विंडसॉक बघून वाऱ्याला आडवं निघायचं आणि जाताना तळमजल्याच्या बेल वाजवायच्या.